पंडिता रमाबाई : निराधार स्त्रीने उभारलेला आधार

अल कुसैस, दुबई : पतीच्या निधनानंतर वा विवाह मोडल्यावर परदेशी राहणाऱ्या स्त्रीपुढे शोकाच्या आधी व्यवहार उभा राहतो. शारजाच्या हद्दीला लागून असलेल्या आपल्या अल कुसैसमध्ये तो घरभाड्याचा, मुलांच्या शाळेचा आणि पतीच्या नावाशी बांधलेल्या व्हिसाचा असतो. २०१८ पासून विधवा व घटस्फोटित स्त्रीला प्रायोजकाविना एक वर्ष राहण्याची सवलत अमिरातीने दिली. ते वर्ष कुणाच्या सोबतीने काढायचे, हा प्रश्न मात्र कायद्याच्या पलीकडचा. तोच प्रश्न १८८२ मध्ये पंडिता रमाबाईंपुढे होता.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकनिंदा सोसून पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकवले. आईने ते धन मुलीच्या हाती दिले. स्थिर घर असे नव्हतेच. पुराणे सांगत हे कुटुंब एका तीर्थावरून दुसऱ्या तीर्थास जाई. दुष्काळात आईवडील आणि थोरली बहीण गेली. बंधू श्रीनिवास यांच्यासह भटकत रमाबाई १८७८ मध्ये कलकत्त्यास पोहोचल्या. तेथील विद्वानांनी पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. १८८० मध्ये बंधू निवर्तले. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी जातीबाहेरचा विवाह झाला, पुढल्या वर्षी मनोरमा जन्मली आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पतीही पटकीने गेले. वय २३, कडेवर तान्हे मूल, आणि पदव्यांनी काही चूल पेटत नाही.

पुण्यातील सुधारकांनी त्यांना बोलावून घेतले. तेथे त्यांनी आर्य महिला समाज स्थापला. घरोघरच्या स्त्रिया एकत्र बसून ऐकू-बोलू लागल्या. न्यायमूर्ती रानडे यांच्या पत्नी रमाबाई त्यांच्यातल्याच. आज साधी वाटणारी ही बैठक तेव्हा घराघरांत वादाचे कारण ठरली. ज्या स्त्रीला डोक्यावर छप्पर नाही तिला मात्र बैठक पुरत नाही, हे रमाबाई स्वानुभवाने जाणत होत्या.

'स्त्रीधर्मनीति' या पुस्तकाच्या विक्रीतून प्रवासखर्च उभा करून १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. वैद्यकीचे शिक्षण घ्यायचे होते. अधू श्रवणशक्तीमुळे ते राहिले. वाँटेज येथील ख्रिस्ती भगिनींनी आश्रय दिला. समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी या भगिनी लंडनजवळ फुलहॅम येथे चालवीत असलेले काम पाहून त्या अंतर्मुख झाल्या. त्याच वर्षी त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि मायदेशातील बरेच स्नेही दुरावले.

१८८६ मध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या फिलाडेल्फियास गेल्या आणि अमेरिकेत दोन वर्षांहून अधिक राहिल्या. तेथे त्यांना सर्वाधिक भावल्या त्या स्त्रियांनी स्वतः चालवलेल्या संस्था. आपल्या अमेरिकाविषयक मराठी ग्रंथात त्यांनी त्यांचे सविस्तर वर्णन केले. व्याख्याने दिली, इंग्रजी पुस्तक विकले आणि १८८७ च्या अखेरीस बोस्टनमध्ये रमाबाई असोसिएशन उभी राहिली. या मंडळाने दहा वर्षे खर्च देण्याचे मान्य केले. गावोगावी त्याच्या शाखा झाल्या. परदेशातून मायदेशी मदत पाठवू पाहणाऱ्या आपल्या मंडळांनी या हिशेबी, मुदतबंद व्यवस्थेकडे जरूर पाहावे.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले. पुढल्या वर्षी ते पुण्यास आले. आरंभीच्या विद्यार्थिनींत गोदूबाई जोशी ही बालविधवा होती. प्रत्येकीला आपले आचार पाळण्याची मुभा होती, धर्मोपदेश नव्हता. पण रमाबाईंच्या प्रार्थनेला मुली येऊन बसतात, अशी चर्चा सुरू झाली. 'केसरी'ने टीकेची झोड उठवली, रानडे आणि भांडारकर यांच्यासारखे सल्लागार बाहेर पडले, कित्येक पालकांनी मुली काढून नेल्या. दिलेला शब्द सर्वांच्या विश्वासास उतरला नाही, हे खरेच. तरी वाद घालणाऱ्या सर्वांना घरे होती. परत पाठवलेल्या विधवांना कोणत्या घरी परत पाठवले, याची चौकशी फारशी झाली नाही.

गोदूबाईंनी ११ मार्च १८९३ रोजी धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह केला. कर्व्यांनी पुढे विधवांसाठी काढलेल्या हिंगण्याच्या आश्रमात गोदूबाईंची धाकटी बहीण पार्वतीबाई आठवले राबल्या, आणि निधीसाठी इंग्रजी जेमतेम येत असतानाही अमेरिकेला गेल्या. पुण्यात रमाबाई रानडे यांनी १९०९ मध्ये सेवासदन सुरू केले. पंडिता रमाबाईंशी ज्यांचा धर्मावरून मतभेद होता, त्यांच्याच वर्तुळात ही कामे वाढली.

रमाबाईंनी केडगावी जमीन घेतली. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात स्वतः हिंडून त्यांनी शेकडो मुली व स्त्रिया आणल्या. तेथे शेती, विणकाम, छापखाना असे उद्योग होते. अंध स्त्रियांनाही शिक्षण मिळे. आल्या स्त्रीला आधी जेवण आणि मग काम, असा तेथला क्रम होता. १९२१ मध्ये मनोरमा गेली. ५ एप्रिल १९२२ रोजी केडगावीच रमाबाईंचे निधन झाले. मुक्ती मिशन तेथे आजही चालू आहे.