चार चाकांवरचा भार

आमच्या घाटकोपरच्या घरापुढे बरीच वर्षे एक प्रीमियर पद्मिनी उभी असे. उतारवयात ती मागून डावीकडे बसली. आग्रा रोडवरच्या, म्हणजे लालबहादूर शास्त्री मार्गावरच्या मिस्त्रींनी तिला सपाट फरशीवर घेतले, टायरांतली हवा तपासली, गाडी चारही बाजूंनी दाबून सोडली आणि मगच प्रत्येक चाकाच्या मध्यापासून मडगार्डपर्यंतचे अंतर मोजले. मागच्या कमानींचे थकलेले पाटे दोन्ही बाजूंचे बदलले. एकच कोपरा उचलला, तर त्यावर आणि त्याच्या तिरक्या समोरच्या चाकावर भार वाढतो, उरलेली दोन हलकी पडतात, हे मला तेव्हा कळले.

ही गाडी शेजारच्या कुर्ल्यात जन्मलेली. तो कारखाना उभारणाऱ्या शेठ वालचंद हिराचंद यांचे चरित्र वाचताना मला मिस्त्रींची ती मोजपट्टी आठवत राहते.

२३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापूरच्या जैन व्यापारी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. घरची पेढी सोडून लक्ष्मणराव फाटकांच्या भागीत ते रेल्वेचे कंत्राटदार झाले. आरंभीचे काम मिळाले बार्शी लाइट रेल्वेचे. तिची इंजिने आणि डबे असे आखले होते, की कोणत्याही आसावर पाच टनांहून अधिक भार येऊ नये. त्यामुळे हलके रूळही पुरले. पुढे भोर घाटातले बोगदे आणि तानशाच्या पाण्याचे नळ ही कामेही त्यांच्या वाट्याला आली.

१९१९ साली सिंदिया कंपनीची ‘लॉयल्टी’ बोट लंडनला निघाली, ती इंग्रज कंपन्यांची मक्तेदारी झुगारून. १९४० साली बंगळूरला विमानांचा कारखाना निघाला, १९४१ साली विशाखापट्टणला जहाजबांधणीची पायाभरणी झाली. पण युद्धकाळातच विमानांचा कारखाना सरकारने घेतला, १९५२ साली जहाजांचाही. मोटारीसाठी तर दिल्लीने आधी दारच उघडले नाही. तरीही अमेरिकेच्या क्रायस्लरशी करार करून १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन झाली आणि १९४७ साली कुर्ल्यातून पहिली गाडी बाहेर पडली.

त्यांना कोणी स्वप्नाळू म्हणतात, कोणी जुगारी. मला ते पटत नाही. ज्याचा सारा भार एकाच चाकावर असतो, तो पहिल्याच खड्ड्यात कलंडतो. वालचंदांच्या हातून दोन कारखाने गेले, तरी बांधकाम, साखर आणि मोटार उभी राहिली.

१९४९ साली त्यांना पक्षाघाताचा झटका आला. ८ एप्रिल १९५३ रोजी ते गेले. फियाट अकराशे कुर्ल्यात बनू लागली ती त्यांच्या मागे. परवान्यांच्या राज्यात स्पर्धाच नव्हती; तिचीच बहीण पद्मिनी फारशी न बदलता शतकाच्या अखेरीपर्यंत निघत राहिली. नवे करून पाहणाऱ्या माणसाच्या कारखान्याला नव्याचीच सवय राहिली नाही, ही चुटपुट मला लागते.

२०२३ साली मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सीही गेली. कारखान्याच्या जागी आता इमारती आहेत. नाव उरले आहे प्रीमियर रोडचे. तिथून जाताना माझी नजर अजूनही समोरच्या गाडीच्या मागच्या चाकांकडे जाते.