धावलो की धावले?

मागच्या महिन्यात मुलीने घरी एक थाई सिनेमा लावला. ‘ब्युटिफुल बॉक्सर’, २००३ सालचा. मुएथाई या मुष्टियुद्धात नाव काढलेल्या पारिन्याची ही खरी गोष्ट. मुलगा म्हणून जन्मलेली पारिन्या आखाड्यात पुरुषांना लोळवते आणि त्या कमाईतून शस्त्रक्रिया करून घेऊन स्त्री होते. सिनेमा संपल्यावर, असल्या गोष्टी हल्लीच्याच, पूर्वी असे काही नव्हते, असे एक मत आमच्या घरात पडले. मत माझेच होते. ते खोडून काढायला मुलीने मला एक नाव दिले, आणि तेव्हापासून मी त्या नावाच्या मागे आहे. झ्देनेक कोउबेक.

चेकोस्लोव्हाकिया म्हटले की आपल्याला बाटाचे बूट आठवतात, फार तर एमिल झाटोपेक. आपल्या खाशाबा जाधवांनी ज्या हेलसिंकीत १९५२ साली कांस्यपदक मिळवले, तिथेच झाटोपेकने तीन सुवर्णपदके पटकावली होती. पण त्याच्या आधी, १९३४ मध्ये, या देशातले सर्वांत गाजलेले धावणारे पाय होते झ्देना कोउबकोवा या तरुणीचे. झ्देना म्हणजेच पुढचे झ्देनेक. मी त्यांना शेवटपर्यंत ‘ते’च म्हणणार आहे, कारण आयुष्याची पन्नास वर्षे ते स्वतःला पुरुष म्हणूनच जगले.

जन्म ८ डिसेंबर १९१३ चा, मोराव्हियातल्या पास्कोव गावी. नोंद मुलगी अशी झाली. चेक भाषेत बाईचे आडनावही वेगळे असते. बाप कोउबेक, तर लेक कोउबकोवा. तेवढ्यावर भागत नाही. आपल्या मराठीसारखीच ती भाषाही बोलणाऱ्याला सोडत नाही. इंग्रजीत कुणी धावल्याचे सांगितले तर तो की ती हे गुलदस्त्यात राहते. मराठीत ‘मी धावलो’ किंवा ‘मी धावले’ यातले एक निवडावेच लागते. चेकमध्येही भूतकाळ असाच बाई-पुरुष विचारतो. कादंबऱ्या लिहिताना या एका अक्षराने मला कधी त्रास दिला नाही. ज्या मुलाला लहानपणापासून प्रत्येक वाक्यात चुकीचे अक्षर उच्चारावे लागत असेल, त्याचे काय होत असेल, हा विचार साठी उलटल्यावर प्रथमच मनात आला.

बर्नो शहरात ते धावू लागले. धावायचे तरी कुठे? १९२८ च्या ॲमस्टरडॅम ऑलिम्पिकमध्ये बायकांची ८०० मीटर शर्यत पहिल्यांदा झाली, जर्मनीच्या लीना राडकेने २ मिनिटे १६.८ सेकंदांत ती जिंकली, आणि बायका धापा टाकून कोसळल्या अशी वर्णने वर्तमानपत्रांनी तिखटमीठ लावून छापली. शर्यत बंद झाली, ती थेट १९६० पर्यंत. पण फ्रान्सच्या ॲलिस मिलिया या जिद्दी बाईंनी ऑलिम्पिकवाल्यांच्या नाकावर टिच्चून महिलांचे वेगळे जागतिक सामने १९२२ पासूनच सुरू केले होते. त्यातल्या १९३४ च्या लंडनच्या सामन्यांत कोउबेक ८०० मीटर धावले. वेळ २ मिनिटे १२.४ सेकंद. विश्वविक्रम! वय अवघे वीस.

मायदेशी कौतुकाला पार राहिला नाही. लीडा मर्लिनोवा या लेखिकेने त्यांच्यावरून १९३५ मध्ये एक कादंबरीच बेतली. आणि त्याच वर्षाच्या अखेरीस बातमी फुटली, की हा विक्रमवीर यापुढे पुरुष म्हणून जगणार आहे. १९३६ मध्ये शस्त्रक्रिया झाली, कागदोपत्री नाव बदलले. जगभरची वर्तमानपत्रे मागे लागली. आश्चर्य असे, की त्यांतल्या अनेकांचा सूर कुतूहलाचा होता, हेटाळणीचा कमी. कोउबेकनी स्वतःची हकीकत प्रागच्या एका साप्ताहिकात क्रमशः लिहिली, अमेरिकेला जाऊन ब्रॉडवेवर लोकांसमोर धावूनही दाखवले. विश्वविक्रमवीराने रंगमंचावर पळून दाखवायचे. पोटासाठी माणूस काय काय करतो.

क्रीडाक्षेत्रातले धुरीण मात्र बिथरले. इंग्लंडच्या गोळाफेकपटू मार्क वेस्टन यांचीही अशीच बातमी १९३६ मध्ये आली होती. अमेरिकेचे ॲव्हरी ब्रंडेज महिला खेळाडूंच्या तपासणीची मागणी करू लागले. त्याच वर्षी हिटलरच्या बर्लिनमध्ये ऑलिम्पिक भरले असताना आंतरराष्ट्रीय ॲथलेटिक्स संघटनेने नियम केला, की एखाद्या स्त्री खेळाडूविषयी तक्रार आली तर डॉक्टरकडून शारीरिक तपासणी व्हावी. ज्यांच्यावरून हे रान उठले ते दोघेही तेव्हा बायकांत धावत नव्हते, गोळाही फेकत नव्हते. नियमाचा जाच झाला तो मागे राहिलेल्या बायकांना. त्याचे धागे आपल्या शांती सौंदराजनपर्यंत येतात. २००६ मध्ये दोहाच्या आशियाई स्पर्धेत तिने रौप्यपदक मिळवले आणि तपासणीनंतर ते काढून घेतले गेले. शर्यत तीच, ८०० मीटर.

कोउबेक यांचा विक्रमही पुसला गेला. स्वीडनच्या ॲना लार्सनला १९४४ मध्ये विश्वविक्रम मिळाला तो २ मिनिटे १५.९ सेकंदांना, म्हणजे लंडनपेक्षा साडेतीन सेकंद सावकाश धावून. एवढी वर्षे लेजर तपासलेल्या माणसाला असली खाडाखोड लगेच दिसते.

लेजरवरून आठवले. १९९६ च्या सुमारास आमच्या शाखेत एक व्यक्ती साडी नेसून आली. खात्यावर पुरुषाचे नाव, नमुना सहीही त्याच नावाची. नाव बदलण्याचा अर्ज मी तीनदा परत पाठवला. एकदा प्रतिज्ञापत्र नाही म्हणून, एकदा गॅझेटची प्रत नाही म्हणून. तिसऱ्यांदाचे कारण आठवत नाही, बहुधा नव्हतेच. लग्न होऊन आलेल्या मुलींची नावे त्याच टेबलावर मी चहा संपायच्या आत बदलून देत असे. चौथ्या खेपेला तिने खाते बंद केले. शिल्लक चारशे काही रुपये होती. बँकांच्या अर्जांत तृतीयलिंगी असा रकाना ठेवा, असे रिझर्व्ह बँकेने सांगितले ते २०१५ मध्ये. तोपर्यंत ती कुठे होती कोण जाणे.

कोउबेकना त्यांच्या देशात कागद मिळाले, हे त्या मानाने नशीबच. पुढे १९४० मध्ये, जर्मन ताब्यातल्या प्रागमध्ये, त्यांनी लग्न केले. युद्ध संपल्यावर तिशी ओलांडलेला हा गृहस्थ पुन्हा मैदानात उतरला, तो प्रागजवळच्या रिचानी गावच्या रग्बी संघातून. भाऊ त्याच संघात होता. चिखलात लोळायचे, ढकलाढकली करायची आणि संध्याकाळी घरी बायकोकडे जायचे. १९८६ मध्ये प्रागलाच ते वारले.