तिजोरीचा हिशेब मागणारे बाबासाहेब

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची जयंती आली की आपल्या व्यासपीठांवर एक ठरलेली प्रतिमा उभी राहते. अंगात निळा कोट, काखेत संविधान आणि वर केलेले बोट. त्या प्रतिमेला आपला त्रिवार प्रणाम आहेच. पण वकिलीचा झगा अंगावर चढण्यापूर्वी हा माणूस वर्षानुवर्षे सरकारी जमाखर्चाच्या वह्या वाचत बसला होता, हे आपले वक्ते सहसा सांगत नाहीत. एम.ए.चा प्रबंध कंपनी सरकारच्या कारभारावर, पीएच.डी.चा प्रांतांच्या वित्तव्यवस्थेवर आणि डी.एस्सी.चा रुपयावर! कर कोणाकडून घेतला आणि खर्च कोणावर केला, हा एकच प्रश्न त्यांनी ब्रिटिश सरकारला आयुष्यभर विचारला आणि जातीचा प्रश्नही ते याच वाटेने तिजोरीच्या दारापर्यंत घेऊन गेले.

१९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव गायकवाड महाराजांच्या शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पोचले, तेव्हा त्यांचे वय २२ वर्षांचे होते. १९१५ साली त्यांनी ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार आणि वित्त यावर प्रबंध लिहिला. चहा आणि चीनचा व्यापार सोडून कंपनीची मक्तेदारी १८१३ साली गेली होती आणि १८३३ साली तिचा व्यापारच बंद झाला. दुकानाला कुलूप लागले, पण भागधारकांचा नफा काही थांबला नाही. त्यांना दरसाल साडेदहा टक्के लाभांश हिंदुस्थानच्या महसुलातून द्यावा, असे इंग्लंडच्या पार्लमेंटने ठरवून टाकले. १८५८ साली राणीचे राज्य आले, तेव्हा कंपनीचे कर्जही हिंदुस्थानच्याच डोक्यावर बसले. म्हणजे हा देश जिंकण्याचा खर्च इथल्या रयतेचा आणि तो एका मालकाकडून दुसऱ्या मालकाकडे जाण्याचा खर्चही इथल्याच रयतेचा. शेतसारा, मीठ आणि अफू यांतून आलेल्या पैशातले रयतेच्या कामी किती लागले, हे तरुण भीमरावांनी ताडून पाहिले आणि तो आकडा लाजिरवाणा निघाला.

दुसरा प्रबंध १८३३ ते १९२१ या काळातील प्रांतिक वित्तव्यवस्थेचा. १९२५ साली तो लंडनहून पुस्तकरूपाने निघाला आणि त्याला त्यांचे गुरू प्रा. सेलिग्मन यांची प्रस्तावना होती. विषय रूक्ष वाटतो, पण आत शिरले की कळते, हा तर आरोपपत्राचा मसुदा आहे! जमिनीचा सारा शेतीला वर येऊ देत नव्हता, मिठावरचा कर गरिबाच्या भाकरीतून वसूल होत होता आणि आयातीवरची जकात मात्र इंग्लंडच्या कारखानदारांची सोय पाहून ठरत होती. १८९६ साली मँचेस्टरच्या कापडावर साडेतीन टक्के जकात ठेवताना सरकारने तेवढाच कर हिंदी गिरण्यांच्या कापडावर लादला. तो रद्द व्हायला १९२६ साल उजाडावे लागले. खर्चाच्या रकान्यात मात्र फौज, पोलीस आणि साहेबांचे पगार. शिक्षण आणि आरोग्य तळाशी.

१९१८ साली ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. तिथल्या काही सहकारी प्राध्यापकांना त्यांनी सामाईक माठातले पाणी घेतलेले चालत नव्हते! पगारातून पैसे साठवून, छत्रपती शाहू महाराजांची मदत घेऊन ते १९२० साली पुन्हा लंडनला गेले. तिथे लिहिलेला रुपयावरचा प्रबंध परीक्षकांनी एकदा परत पाठवला. तो पुन्हा लिहून १९२३ साली त्यांनी डी.एस्सी. मिळवली.

रुपयाचा हा वाद आपल्या माणसाला कळावा म्हणून थोडे सोपे करून सांगतो. एक रुपया म्हणजे १६ पेन्स की १८ पेन्स, यावर त्या काळी सरकार आणि मुंबईचे व्यापारी हातघाईवर आले होते. समजा, निर्यातदाराने १८ पेन्सांचा कापूस विलायतेला विकला. दर १८ पेन्सांचा असेल तर त्याला एक रुपया मिळतो. तोच दर १६ पेन्सांचा असेल तर एक रुपया दोन आणे मिळतात. हे दोन आणे आले कुठून? रुपया उतरला की महागाई वाढते, पण गिरणी कामगाराची मजुरी तिच्या मागे रांगत येते. मधल्या काळात मजुराच्या ताटातून जे कमी होते, तेच निर्यातदाराच्या गल्ल्यात पडते. बाबासाहेबांनी हे स्पष्ट मांडले. सरकारला वरचा दर हवा होता, कारण विलायतेला पाठवायच्या पेन्शनी आणि व्याज त्याने स्वस्त पडत होते. व्यापाऱ्यांना खालचा दर हवा होता आणि त्यालाच ते राष्ट्रहित म्हणत होते. या भांडणात मजुराचे वकीलपत्र घ्यायला बाबासाहेब उभे राहिले. आणि खरा दोष दरापेक्षा खोल आहे, सरकारला हवे तेवढे रुपये पाडण्याची मुभा आहे तोवर रुपयाचे मोल सुरक्षित नाही, हेही त्यांनी सांगितले. १५ डिसेंबर १९२५ रोजी हिल्टन यंग आयोगापुढे त्यांची साक्ष झाली. १९२७ साली कायदा झाला तो १८ पेन्सांचाच.

इथे एक गोष्ट सांगणे भाग आहे. रिझर्व्ह बँक बाबासाहेबांनीच स्थापन केली, असे आपल्याकडे सर्रास ठोकून दिले जाते. बँकेची शिफारस त्या आयोगाने केली, कायदा १९३४ साली झाला आणि बँक १ एप्रिल १९३५ रोजी सुरू झाली. बाबासाहेबांच्या साक्षीचा गाभा चलनाचे प्रमाण हा होता. तो गाभाच इतका भक्कम आहे की त्याला वाढीव श्रेयाची गरज नाही. विरोधकाला उलटतपासणीची संधी आपणच का द्यावी?

१९२७ साली ते मुंबई कायदेमंडळाचे नामनियुक्त सभासद झाले आणि अंदाजपत्रकावर बोलू लागले. ठरावीक रकमेखालच्या उत्पन्नाला प्राप्तिकर माफ होतो, मग दोन एकरवाल्या कुणब्याला पीक बुडाले तरी सारा का, हा त्यांचा सवाल होता. मार्च महिन्यात शिक्षणाच्या अनुदानावर बोलताना त्यांनी सरकारचीच आकडेवारी सरकारपुढे ठेवली. शिक्षणावर माणशी खर्च १४ आणे आणि दारूवरच्या करातून माणशी वसुली दोन रुपयांहून जास्त! दारूतून जेवढे काढता तेवढे तरी शिकवण्यावर घाला, एवढीच त्यांची मागणी होती. याच महिन्याच्या २० तारखेला महाड घडले.

महाडकडेही जरा वकिलाच्या नजरेने पाहा. ज्या ठरावाच्या बळावर चवदार तळ्याची मागणी उभी राहिली, तो रावबहादूर बोले यांचा १९२३ सालचा ठराव सार्वजनिक पैशातून बांधलेल्या वा राखलेल्या पाणवठ्यांबद्दल होता. ज्या नगरपालिका तो पाळणार नाहीत त्यांचे अनुदान रोखावे, अशी शिफारस १९२६ साली झाली. धर्मशास्त्र काय म्हणते हे सनातनी सांगत राहिले. पण कर भरणाऱ्याला कराच्या पैशातल्या पाण्यावर हक्क आहे, या मुद्द्याला त्यांच्याकडे उत्तर नव्हते. तळ्याचा दावा हायकोर्टात १९३७ साली आपल्या बाजूने निकाली निघाला.

आता वतनाचे घेऊ. गावचा वसूल डोक्यावर घेऊन तालुक्याच्या खजिन्यात पोचवणारा महार. हाकारे, टपाल, साहेबाचा मुक्काम, मढे, मेलेले जनावर, दिवस-रात्र राबणारा महार. काम सरकारचे, पण पगार मात्र सरकारी अंदाजपत्रकात नाही! त्याऐवजी तुकडाभर जमीन आणि गावाने दिले तर बलुते. गावाचे बिनसले की बलुते बंद. जो खजिना वाहत होता त्यालाच खजिन्यातून दमडी मिळत नव्हती. १९ मार्च १९२८ रोजी बाबासाहेबांनी १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्तीचे विधेयक आणले. बलुत्याऐवजी रोख मोबदला द्या, कामे ठरवून द्या, ज्याला वतन सोडायचे आहे त्याला पूर्ण सारा भरून जमीन राखू द्या, अशा त्यातल्या मागण्या होत्या. नोकर सरकारचा, तर मग त्याच्या पोटाचा भार गावाच्या मर्जीवर का, हा त्यातला कळीचा मुद्दा. महसूल खात्याने विरोध केला, समितीत विधेयकाचे हातपाय तोडले गेले आणि १९२९ साली ते बाबासाहेबांना मागे घ्यावे लागले. १९३७ साली त्यांनी पुन्हा विधेयक मांडले. तेव्हा आपले म्हणवणारे काँग्रेसचे सरकार होते, तरीही ते मंजूर झाले नाही.

१९४२ साली ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर सदस्य झाले. त्याच वर्षी ऑक्टोबरात त्यांनी व्हाइसरॉयला अस्पृश्यांच्या तक्रारींचे निवेदन दिले. बनारस आणि अलीगढ विद्यापीठांना सरकार दरसाल तीन-तीन लाख रुपये देते, मग आमच्या मुलांना का नाही, असा त्यातला रोकडा हिशेब होता. सरकारी बांधकाम खात्याच्या हजाराहून अधिक कंत्राटदारांत अनुसूचित जातीचा माणूस एकच, हेही त्यांनी दाखवले. तीन लाख मंजूर झाले आणि आपली मुले विलायतेला शिकायला गेली. १९४३ साली केंद्राच्या नोकऱ्यांत ८.३३ टक्के जागा राखीव झाल्या.

वतने मात्र बाबासाहेबांच्या हयातीत गेली नाहीत. १९५८ साली कनिष्ठ गावकामगार वतने रद्द करणारा कायदा झाला आणि तो १ ऑगस्ट १९५९ पासून लागू झाला. कायद्याने वतनदारांना जमिनी परत दिल्या, पण कलेक्टरच्या परवानगीशिवाय त्या विकायच्या नाहीत, ही अट लावून. आमच्या मुळशी तालुक्यात, हिंजवडी-माणपासून धरणाच्या काठापर्यंत, जमिनीला सोन्याचा भाव आला, तेव्हा या अटीचे गांभीर्य कळले. साध्या कुलमुखत्यारपत्रावर अंगठे घेऊन वतनाच्या जमिनी हडपणारे दलाल गावोगाव फिरतात. ज्यांच्या सातबाऱ्यावर महार वतनाची किंवा भोगवटादार वर्ग २ ची नोंद आहे, त्यांनी जुने फेरफार तलाठ्याकडून आधी काढून घ्यावेत. विनापरवाना व्यवहार बेकायदा ठरतो आणि जमीन सरकारजमा होऊ शकते. परवानगी घेऊन विकली तर नजराणा भरावा लागतो आणि तो जातो सरकारी तिजोरीत.