शीताचे उपासक : कामरलिंग ओनेस

हॉलंड देशातील ग्रोनिंगन या शहरी इ. स. १८५३ मध्ये हाइके कामरलिंग ओनेस यांचा जन्म झाला. त्यांच्या वडिलांचा विटांचा कारखाना होता. विटा भाजण्यास प्रखर अग्नी लागतो. परंतु या कारखानदाराच्या मुलाने आयुष्यभर उपासना केली ती शीताची.

१८८२ साली, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी, ते लायडन विद्यापीठात प्राध्यापक झाले. अचूक मोजमाप केल्याशिवाय खरे ज्ञान होत नाही, अशी त्यांची दृढ श्रद्धा होती. वायू पुरेसा थंड केला की तो द्रवरूप होतो, हे त्या काळी ठाऊक होते. म्हणून त्यांनी प्रयोगशाळेत वायू थंड करण्याची मोठी यंत्रे उभारली.

तोच एक संकट उभे राहिले. १८०७ साली लायडनमध्ये दारूगोळ्याच्या जहाजाचा स्फोट होऊन मोठा अनर्थ झाला होता. दाबाखालील वायूंमुळे पुन्हा तसेच घडेल, या भीतीने शहरातून हरकत घेण्यात आली. १८९५ पासून सुमारे तीन वर्षे काम बंद पडले. तेवढ्यात १८९८ साली लंडनमध्ये ड्यूअर यांनी हायड्रोजन द्रवरूप केला. ओनेस मात्र खचले नाहीत. उत्तम उपकरणे हवीत, तर उत्तम कारागीर हवेत, हे ओळखून त्यांनी कारागिरांसाठी शाळा काढली.

आता हेलियम हा एकच हट्टी वायू उरला होता. १० जुलै १९०८ रोजी पहाटेच काम सुरू झाले. सायंकाळ झाली, हायड्रोजनचा साठा संपत आला, तरी द्रव दिसेना. तेव्हा एका सहकाऱ्याने पात्रावर खालून प्रकाश टाकण्यास सुचविले. तसे करताच द्रवाचा पृष्ठभाग चमकला! उणे २६९ अंश सेल्सिअस तापमानाला हेलियम द्रव झाला होता.

१९११ साली याच थंडीत पारा गोठवून त्यांनी त्याचा विद्युत्‌रोध मोजविला, तो एकाएकी नाहीसा झाला! या गुणास अतिसंवाहकता म्हणतात. १९१३ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. १९२६ साली ते निवर्तले.

पुढे १९८६ साली बेडनोर्झ व म्युलर या संशोधकांना हाच गुण भट्टीत भाजलेल्या सिरॅमिक पदार्थात आढळला. त्याला इतकी कडक थंडी लागत नव्हती. असे पदार्थ विटेसारखेच ठिसूळ असतात. शीताच्या उपासकाने शोधलेला गुण अखेर भट्टीतल्या पदार्थातच नव्याने गवसला.