तुकोबांच्या वाटेवरील ख्रिस्तभक्त : नारायण वामन टिळक

आषाढ लागला की मराठवाड्याच्या मातीत टाळ-मृदंगाचा नाद भरून येतो. मुक्ताबाईंची पालखी गेवराई-बीडच्या मार्गाने पंढरीकडे निघते आणि गेवराई तालुक्यातील तलवाड्यासारख्या त्वरितादेवीच्या क्षेत्रीही विठुनामाचा गजर कानी येतो. हाच टाळ, हाच अभंग बीडला लागून असलेल्या अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यातील ख्रिस्ती प्रार्थनामंदिरांतही घुमतो, हे पुष्कळांना ठाऊक नसते. तो तेथे रुजविण्यासाठी ज्यांनी आपले आयुष्य वेचले आणि त्यासाठी स्वतःच्या धर्मसंस्थेलाच अवघड प्रश्न विचारले, त्या नारायण वामन टिळकांचे स्मरण आषाढी एकादशीच्या पवित्र दिवशी करणे अनुचित ठरणार नाही.

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे एका चित्पावन ब्राह्मण कुटुंबात झाला. मातोश्री जानकीबाई मोठ्या भाविक होत्या. त्यांच्या सहवासात बालवयातच भक्ती आणि काव्य यांचे संस्कार त्यांच्या मनावर झाले. परंतु ते मातृछत्र लवकरच हरपले. पुढे नाशिकला त्यांनी संस्कृताचे अध्ययन केले. १८८० च्या सुमारास गोखल्यांच्या घरातील मनकर्णिकेशी त्यांचा विवाह झाला. त्याच पुढे लक्ष्मीबाई टिळक म्हणून मराठी वाङ्मयात अजरामर झाल्या.

टिळकांची वृत्ती मुळातच विरक्त आणि भ्रमंतीची होती. आज या गावी तर उद्या त्या गावी. हाती आलेला पैसा दारी आलेल्या याचकाच्या ओंजळीत. संसाराचा भार सोसावा तो लक्ष्मीबाईंनी. नागपूरला असताना त्यांनी धर्मविषयक लेखन आणि संपादन केले. जातिभेदाने विदीर्ण झालेल्या या देशाला एकत्र बांधील असा धर्मविचार कोणता, हा ध्यास त्यांना अहोरात्र लागला होता. अशा मनःस्थितीत १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपीय सहप्रवाशाची गाठ पडली. बोलणे काव्यावरून धर्मावर आले आणि उतरण्यापूर्वी त्या गृहस्थाने नव्या कराराची एक प्रत त्यांच्या हाती ठेवली. त्यातील डोंगरावरील प्रवचन वाचता वाचता टिळकांच्या अंतःकरणाने ठाव घेतला. दोन वर्षांच्या मननानंतर १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली.

ही वार्ता घरी पोहोचली तेव्हा जो आकांत झाला, त्याची कल्पना कोणत्याही सश्रद्ध कुटुंबाला करता येईल. लक्ष्मीबाईंचे सौभाग्य अबाधित होते, तरी संसार मोडला होता. आप्तांनी त्यांना पंढरपुरास नेले. विठ्ठलाच्या त्या नगरीत त्या माउलीने किती अश्रू ढाळले असतील, ते तो पांडुरंगच जाणे. काही वर्षांच्या ताटातुटीनंतर त्या पतीकडे परतल्या, परंतु आपले सोवळे आणि आपला स्वयंपाक त्यांनी निराळाच ठेवला. टिळकांनी त्यांच्यावर धर्मांतराची सक्ती केली नाही. देवाने माणूस निर्माण केला, जाती माणसाने केल्या, हा विचार लक्ष्मीबाईंच्या मनात आपल्याआप उदय पावला आणि १९०० साली त्यांनी स्वतःच्या निश्चयाने दीक्षा घेतली. त्यांच्या 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रात ही सारी हकीकत अत्यंत निर्मळपणे आली आहे.

अहमदनगर आणि राहुरी येथे अमेरिकन मराठी मिशनच्या सेवेत टिळकांची पुढील वर्षे गेली. ते धर्मशिक्षणाच्या पाठशाळेत शिकवीत. १९०४ साली त्यांना विधिपूर्वक पाळक म्हणून नेमण्यात आले. १९१२ पासून 'ज्ञानोदय' पत्राच्या मराठी विभागाचे संपादनही त्यांच्याकडे आले. फुलामुलांचे कवी म्हणून साऱ्या महाराष्ट्राने त्यांचे कौतुक केले, आणि बालकवी ठोंबऱ्यांसारख्या तरुण कवीस त्यांच्या घरी पुत्रवत् माया लाभली.

परंतु ज्या मंडळीत ते गेले होते, तिच्यातील काही गोष्टी त्यांना सलत होत्या. उपासनेत गायिली जाणारी पुष्कळ गीते परक्या चालींवर बेतलेली भाषांतरे होती. रोमन, अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन असे पंथभेद युरोपच्या इतिहासातून उपजलेले. ते नगर-साताऱ्याच्या शेतकऱ्याने का म्हणून शिरावर घ्यावेत? मिशनरी वेतन देणार आणि देशी सेवक ते घेणार, या नात्यात बंधुभाव कसा नांदावा? हे प्रश्न टिळकांनी बाहेरून टीका म्हणून विचारले नाहीत. श्रद्धेच्या गाभ्यातूनच विचारले. देव मानवदेह धारण करतो, हा ख्रिस्ती श्रद्धेचा पाया. येशूने जन्म घेतला तो एका विशिष्ट लोकात, त्यांच्याच भाषेत नि वेषात. मग महाराष्ट्रात त्याने मराठी होऊन का येऊ नये? परदेशी पोशाख, परदेशी चाली आणि परदेशी पंथ यांना धर्माचे अंग मानणे म्हणजे टरफलाला गर समजणे होय, अशी त्यांची धारणा होती.

दुसरा प्रश्न याहूनही खोल होता. ख्रिस्ताच्या आगमनाआधी देवाने केवळ इस्राएलच्या संदेष्ट्यांकरवीच मार्ग सिद्ध केला काय? ज्ञानोबा-तुकोबांच्या मुखातून तो बोललाच नाही काय? टिळकांचे उत्तर निःसंदिग्ध होते. आपण ख्रिस्ताकडे आलो ते तुकोबांच्या सेतूवरून, असे ते अभिमानाने सांगत. आपल्या अभंगांत त्यांनी ख्रिस्ताला गुरू म्हटले, माउली म्हटले. नगरच्या ख्रिस्ती मंडळीत कीर्तनाची प्रथा त्यांच्या आधीच सुरू झाली होती. टिळकांनी भजन-कीर्तनाला अस्सल मराठी काव्याचे बळ दिले. त्यांची शेकडो पदे मराठी ख्रिस्ती उपासनेत रूढ झाली.

अखेरीस १९१७ साली त्यांनी निर्णायक पाऊल उचलले. वीसहून अधिक वर्षांची मिशनची सवेतन सेवा सोडून ते साताऱ्यास गेले आणि तेथे त्यांनी 'देवाचा दरबार' उभा करण्याचा उपक्रम आरंभिला. वय पंचावन्न उलटलेले, प्रकृती खालावलेली, पदरी संचित नाही. तरी वारकऱ्याप्रमाणे देवावर हवाला ठेवून ते निघाले. या दरबारात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त बंधुत्वाने एकत्र यावेत, ही त्यांची कल्पना होती. पाश्चात्त्य चर्चच्या परंपरेला हा मोठाच धक्का होता. बाप्तिस्मा हे मंडळीचे प्रवेशद्वार. तेच सैल केले तर मंडळी टिकेल कशी, अशी शंका अनेक निष्ठावंतांना वाटली, आणि ती निराधार होती असे म्हणता येणार नाही. संस्थेला कुंपण लागते. भक्तीला ते अडसर वाटते. हा पेच टिळकांना पुरता सोडविता आला नाही. ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले आणि दरबारही त्यांच्या पश्चात फार काळ तग धरू शकला नाही.

अंतसमयीही त्यांनी एक परंपरा बाजूस सारली. दफनाच्या ख्रिस्ती रूढीऐवजी त्यांच्या देहास अग्नी देण्यात आला आणि अस्थी नगरला आणण्यात आल्या. त्यांनी आरंभिलेले 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य अपुरे राहिले होते. ते लक्ष्मीबाईंनी पुढे नेले. एकेकाळी ज्या धर्मांतराने त्या पंढरीत अश्रू ढाळीत होत्या, त्याच श्रद्धेचे काव्य त्यांनी वार्धक्यात आपल्या हाताने लिहिले.

टिळकांचा मार्ग प्रत्येकाला पटेल असे नाही. पूर्वजांचा धर्म सोडण्याचे त्यांचे पाऊल अनेकांना आजही दुःखदायक वाटेल. परंतु ज्या धर्मात ते गेले, त्याच्याही रूढींना त्यांनी डोळे मिटून मान तुकविली नाही. आणि जे सोडले, त्यातील संतवाणीचे ऋण कधी नाकारले नाही. रूढी कोणती आणि श्रद्धा कोणती, हे पारखण्याचे कष्ट त्यांनी जन्मभर सोसले. आपल्या संतांनीही कर्मकांडाच्या अवडंबरातून भक्तीचा गाभा असाच वेगळा काढला होता. आज पंढरीच्या वाटेवर टाळ वाजत असता, त्या टाळाच्या साथीने निराळ्या मंदिरात देवाला आळविणाऱ्या या मराठी भक्ताचेही पुण्यस्मरण घडो.