बंदिवानांचे सोबती संत जोसेफ काफासो

न्यायाधीश शिक्षा सुनावितात ती एका मनुष्यास; भोगावी लागते ती मात्र साऱ्या घरास. अपराध्यास तुरुंगाच्या भिंती जगाच्या नजरेआड ठेवितात. त्याच्या आईस, पत्नीस व लेंकरांस असा आडोसा कोठेंच मिळत नाहीं. विहिरीवर, बाजारांत, शाळेंत, इतकेंच नव्हे तर देवळाच्या पायरीवरही लोकांचीं बोटें त्यांच्याकडे वळतात. मुलीची जुळत आलेली सोयरीक मोडते, मुलास कोणी कामास ठेवीत नाहीं, आणि सणासुदीस त्या घराचा उंबरठा ओलांडावयास नातलगही कचरतात. कायद्यानें दिलेल्या शिक्षेस मुदत असते. लोकांनीं दिलेल्या ह्या शिक्षेस मुदत नसते.

आपल्या धर्मग्रामाच्या ज्युबिलीच्या ह्या आनंदाच्या प्रसंगीं आम्ही वाचकांपुढें ज्या पुण्यपुरुषाचें चरित्र ठेवीत आहों, त्यांनीं आपलें सारें आयुष्य अशाच तिरस्कृत माणसांच्या शेजारीं बसून घालविलें. त्यांनीं मोठें राज्य जिंकलें नाहीं कीं दूरदेशीं जाऊन धर्मप्रसार केला नाहीं. ज्यांच्याजवळ बसण्यास कोणी धजत नसे, त्यांच्याजवळ ते बसले, एवढेंच त्यांचें कार्य. आणि तेवढ्याकरितां पवित्र ख्रिस्तसभेनें त्यांस वेदीवर स्थान दिलें.

संत जोसेफ काफासो यांचा जन्म इटली देशाच्या पीदमोंत प्रांतांतील कास्तेलनुओवो ह्या गांवीं १५ जानेवारी १८११ रोजीं एका शेतकरी कुटुंबांत झाला. चार भावंडांत ते तिसरे. उंची बेताची, शरीर नाजूक आणि पाठीच्या कण्यास उपजत बांक; पाहणाऱ्याच्या डोळ्यांत भरावें असें त्यांच्या बाह्य रूपांत कांहीं नव्हतें. परंतु बुद्धि तल्लख, वाणी मृदु आणि वृत्ति लहानपणापासूनच देवभोळी नव्हे तर खरोखर देवनिष्ठ. १८३३ च्या सप्टेंबर महिन्यांत, वयाच्या अवघ्या बाविसाव्या वर्षीं, त्यांस गुरुदीक्षा मिळाली. ह्याच गांवच्या परिसरांत त्यांच्यामागून चार वर्षांनीं संत जॉन बॉस्को जन्मास आले. ह्या दोघांचा ऋणानुबंध पुढें किती फलद्रूप झाला, तें आम्ही यथाक्रम सांगूं.

१८३४ च्या आरंभीं काफासो तुरीन शहरीं गेले. तेथें संत फ्रान्सिस असिसीकर यांच्या देवळास लागून तरुण धर्मगुरूंच्या उच्च शिक्षणासाठीं एक वसतिगृह होतें. फादर लुईजी ग्वाला हे त्याचे संस्थापक. काफासो तेथें विद्यार्थी म्हणून गेले आणि अखेरपर्यंत तेथेंच राहिले. प्रथम विद्यार्थी, मग नीतिशास्त्राचे अध्यापक आणि १८४८ सालीं ग्वाला यांच्या निधनानंतर मुख्य. त्या काळीं त्या देशांत देवाच्या न्यायाचें भय इतकें वाढवून सांगण्याची प्रथा पडली होती कीं, पापी मनुष्य पापनिवेदनास येण्यासही भीत असे. ग्वाला व काफासो यांनीं संत आल्फोन्सस लिगोरी यांस गुरु मानून ही प्रथा मोडली. देव न्याय करणारा आहे खरा. परंतु उधळ्या पुत्राची वाट पाहत दारांत उभा राहणारा पिताही तोच आहे, ही शिकवण त्यांनीं शेंकडों तरुण धर्मगुरूंच्या मनांत रुजविली.

वर्गांत अशी शिकवण देणें सोपें आहे. काफासो यांनीं ती जेथें कसास लागावी अशीच जागा निवडली. ती जागा म्हणजे तुरीनचे तुरुंग.

तुरीन ही तेव्हां सार्डीनियाच्या राज्याची राजधानी होती. शहरांत अनेक तुरुंग होते आणि ते सर्वच कोंदट, काळोखी व माणसांनीं खचून भरलेले होते. ढेकूण व उवा यांचा सुळसुळाट, अंगावर फाटकीं वस्त्रें, आणि दिवसभर हातांस काम नाहीं. भाकरीचा तुकडा चोरणारा पोर आणि खून करून आलेला दरोडेखोर हे एकाच खोलींत निजत. अशा ठिकाणीं शिक्षा भोगून सुधारावें कोणी? आंत गेलेला मनुष्य बाहेर येई तो अधिक निर्ढावलेला होऊन येई. आणि बाहेर त्यास कोणी उभें करीत नसल्यामुळें थोड्याच दिवसांत पुन्हां आंत जाई.

काफासो ह्या खोल्यांत तासन् तास बसत. जातांना बंदिवानांसाठीं भाकरी, फळें आणि तंबाखू घेऊन जात. तंबाखू नेल्याबद्दल कोणास नवल वाटेल. परंतु उपाशी व उदास मनुष्यापुढें एकदम उपदेश करूं नये हें शहाणपण त्यांस होतें. ते परत येत तेव्हां त्यांच्या झग्यावर उवा चढलेल्या असत. त्याची त्यांस खंत नसे. एकदां देवमातेचा सण जवळ आला असतां एका खोलींतील सुमारें ४५ बंदिवानांस त्यांनीं पापनिवेदनासाठीं तयार केलें. परंतु ऐन वेळीं सर्वांनींच माघार घेतली. तेव्हां ठेंगण्या बांध्याचे काफासो त्यांच्यांतील सर्वांत धिप्पाड गड्याजवळ गेले आणि त्याची लांब दाढी त्यांनीं दोन्ही हातांनीं धरली. पापनिवेदन केल्यावांचून दाढी सुटणार नाहीं, असें त्यांनीं हंसत हंसत बजाविलें. थट्टेनें आरंभलेल्या ह्या प्रसंगाचा शेवट अश्रूंत झाला. तो धिप्पाड मनुष्य पापनिवेदन करून रडत उठला, आणि त्यास पाहून बाकीचेही एकामागून एक पुढें आले. ही हकीकत खुद्द डॉन बॉस्को यांनीं सांगून ठेविली आहे.

परंतु काफासो यांचें नांव अजरामर झालें तें फांशीची शिक्षा झालेल्यांच्या सेवेमुळें. त्या काळीं फांशी भर चौकांत देत. घंटेचा गंभीर नाद, गाडींत बांधलेला अपराधी, दोन्ही बाजूंस तमाशा पाहावयास लोटलेली गर्दी, असा तो प्रकार असे. शिक्षा ठरल्यापासून काफासो त्या मनुष्यास सोडीत नसत. अखेरची रात्र त्याच्याजवळ जागून काढीत, पहांटे मिस्सा अर्पण करून त्यास ख्रिस्तशरीर देत, आणि मग गाडींत त्याच्या अंगास अंग लावून बसत. लोक शिव्या देत तेव्हां त्या शिव्यांच्या वाटेंत ते स्वतःच असत. वधस्तंभापाशीं पोंचेपर्यंत क्रूस त्याच्या ओठांशीं धरून ते बोलत राहत. अशा पन्नासाहून अधिक मनुष्यांस त्यांनीं मृत्यूच्या दारापर्यंत पोंचविलें. कित्येकदां त्यासाठीं ते दुसऱ्या गांवींही गेले. १८४९ च्या मे महिन्यांत गोळी घालून ठार मारण्यांत आलेले सेनापति रामोरीनो यांच्याही शेवटच्या क्षणीं तेच सोबती होते. पश्चात्तापानें शुद्ध झालेले हे अपराधी थेट स्वर्गांत जातात असा त्यांचा दृढ विश्वास होता. ज्यांस जग गुन्हेगार म्हणून पुरून टाकी, त्यांस ते आपले संत म्हणत आणि त्यांच्याकडून आपल्यासाठीं देवमातेस निरोप पाठवीत.

येथें वाचकांनीं क्षणभर थांबावें. गाडींतील मनुष्याचे हाल कांहीं घटकांत संपत. त्याच चौकाच्या मागच्या गल्लींत दार लावून बसलेल्या त्याच्या आईचे हाल त्या घटकेस सुरू होत. काफासो यांचा थोरपणा असा कीं, त्यांची सेवा वधस्तंभापाशीं संपत नसे. बंदिवानांचे निरोप घरीं पोंचविणें, मागें राहिलेल्या कुटुंबांस गुप्तपणें पैशाची मदत करणें, सुटून आलेल्यास काम मिळवून देणें, हींही त्यांचीं नित्याचीं कृत्यें होतीं. ज्या घरांत जाण्यास शेजारी लाजत, त्या घराची काळजी शहरांतील एक मान्यवर धर्मगुरु वाहत आहे, ही गोष्ट त्या अभागी कुटुंबास पैशाहून अधिक मोलाची वाटली असली पाहिजे.

आम्हांस तर असें वाटतें कीं, ही वृत्ति त्यांस क्रुसाच्या पायथ्याशींच लाभली. आपला प्रभु येशू ख्रिस्त कायद्याच्या दृष्टीनें शिक्षा झालेला बंदिवान होता आणि दोन चोरांच्या मध्यें त्यास मारण्यांत आलें. तेथें उभी असलेली पवित्र मरिया त्या दिवशीं यरुशलेमच्या लोकांच्या लेखीं कोण होती? एका देहान्त शिक्षा झालेल्या मनुष्याची आई. ज्या दुःखी मातेची आम्ही आराधनेच्या वेळीं आठवण करितों, तिनें हा लोकापवाद आपल्या डोक्यावर घेतला आहे. बंदिवानाच्या आईस नाक मुरडणारा ख्रिस्ती मनुष्य नकळत कोणाकडे पाठ फिरवितो, याचा ज्याचा त्यानें विचार करावा.

काफासो यांच्या कार्यास सर्वांत मोठें फळ आलें तें डॉन बॉस्को यांच्या रूपानें. १८४१ सालीं नवीनच गुरुदीक्षा घेतलेल्या ह्या तरुणास काफासो यांनीं आपल्या वसतिगृहांत ठेविलें आणि आपल्याबरोबर तुरुंगांत नेलें. बारा ते अठरा वर्षांचीं धडधाकट मुलें तेथें रिकामीं बसून किड्यांनीं खाल्लीं जात आहेत, आणि सुटल्यावर त्यांस हात देणारें कोणी नसल्यामुळें तींच पुन्हां येत आहेत, हें पाहून डॉन बॉस्को यांचें हृदय हेलावलें. ह्या मुलांस तुरुंगाबाहेर एखादा खरा मित्र असता तर तीं येथें आलींच नसतीं, असा विचार त्यांच्या मनांत आला. त्याच वर्षीं ८ डिसेंबर रोजीं, त्याच संत फ्रान्सिस यांच्या देवळांत, त्यांनीं एका अनाथ मुलास धर्मशिक्षण देण्यास आरंभ केला. सालेशियन संस्थेचा वटवृक्ष ह्याच बीजांतून वाढला. काफासो यांनीं त्यास सल्ल्याचें व पैशाचें पाणी घातलें. १९२८ सालीं सालेशियन धर्मगुरु मुंबईस आले. तेव्हां माटुंग्याच्या डॉन बॉस्को शाळेंत शिकलेल्या आपल्या मुलांवरही तुरीनच्या त्या तुरुंगांचे उपकार आहेत असें म्हणण्यास हरकत नाहीं.

काफासो हे कायदे करणारे नव्हते. त्याच शहरांत तुरुंगांच्या व्यवस्थेंत सुधारणा करण्याचें काम एका थोर बाईंनीं हातीं घेतलें होतें. मार्केझा ज्यूलिया दि बारोलो यांनीं स्त्रियांच्या तुरुंगाची देखरेख १८२१ सालीं स्वीकारली. स्वच्छता, वाचन आणि हाताला काम हे तिन्ही त्यांनीं तेथें आणिले. १८२३ सालीं सुटून आलेल्या स्त्रियांसाठीं त्यांनीं आश्रम उघडला. सुमारें दहा वर्षें राजकीय बंदिवास भोगून आलेले ग्रंथकार सिल्व्हियो पेल्लिको यांस त्यांनीं आपल्या वाड्यांत नोकरी दिली. व्यवस्था सुधारणारे हात आणि मनुष्याजवळ बसणारे हात, दोन्ही लागतात. तुरीनमध्यें तेव्हां दोन्ही होते.

१८६० च्या जून महिन्यांत काफासो अंथरुणास खिळले आणि २३ जून रोजीं, शनिवारीं, देवमातेच्या वारीं, त्यांनीं वयाच्या ४९ व्या वर्षीं देह ठेविला. आपली मालमत्ता त्यांनीं संत कोत्तोलेंगो यांच्या निराधारांच्या आश्रमास लिहून दिली होती. पोप पीयूस अकरावे यांनीं १९२५ सालीं त्यांस धन्य म्हणून आणि पोप पीयूस बारावे यांनीं २२ जून १९४७ रोजीं संत म्हणून घोषित केलें. १९४८ सालीं ते इटलींतील तुरुंगांचे आश्रयदाते ठरले. तुरीनमध्यें जेथें पूर्वीं वधस्तंभ उभा असे, तेथें आज त्यांचा पुतळा आहे. त्यांच्यामागून काळही पालटला. २०१८ सालीं पोप फ्रान्सिस यांनीं ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षणग्रंथांत देहान्त शिक्षा अग्राह्य ठरविली, आणि २६ डिसेंबर २०२४ रोजीं त्यांनीं रोमच्या रेबीबिया तुरुंगांत ज्युबिलीचें पवित्र द्वार उघडलें.

आपल्या भूमीसही ही सेवा परकी नाहीं. पोर्तुगीज अमदानींत गोव्यास दयासंघ होता. बंदिवानांस अन्न पोंचविणें आणि वधस्तंभाकडे जाणाऱ्यास सोबत करणें हें त्याच्या कर्तव्यांपैकीं होतें. आज भारताच्या तुरुंगांत असलेल्या चार मनुष्यांपैकीं सुमारें तिघांचा न्याय अद्यापि व्हावयाचा आहे, असें २०२२ च्या सरकारी अहवालावरून दिसतें. न्यायालयानें अद्यापि अपराधी न ठरविलेल्या मनुष्याच्या मुलाबाळांस आळीनें आधींच अपराधी ठरवावें, हा कोठला न्याय?

जुन्या करारांत ज्युबिलीच्या वर्षाची आज्ञा आहे. त्या वर्षीं बंधनांत असलेल्यास मोकळें करावें आणि प्रत्येकानें आपापल्या कुटुंबांत परत जावें, असें तेथें सांगितलें आहे. आपल्या धर्मग्रामाची ज्युबिली आपण रोषणाईनें व मिरवणुकीनें साजरी करूं, तें योग्यच आहे. परंतु परत येणाऱ्यास घर उरलें असेल तरच त्याचें परत येणें घडतें. आणि तें घर राखण्याचें काम शेजाऱ्यांचें आहे. ज्या घरचा मनुष्य आज तुरुंगांत आहे, त्या घरीं सणाचा फराळ जावा, त्या घरच्या मुलास आपल्या मुलानें खेळावयास बोलवावें, आणि रविवारच्या मिस्सेस ती माउली आली म्हणजे बांकावर तिच्याशेजारची जागा रिकामी राहूं नये. संत जोसेफ काफासो यांच्या मध्यस्थीनें ही सुबुद्धि परमेश्वर आम्हां सर्वांस देवो, हीच ह्या मंगल वर्षीं आमची नम्र प्रार्थना आहे.