त्रेचाळीस नावांची यादी

पदव्युत्तर परीक्षांचे दिवस आले की बोदवडहून जळगावला तोंडी परीक्षेसाठी निघालेल्या पदार्थविज्ञानाच्या विद्यार्थ्याला विषयापेक्षा परीक्षकाचीच धास्ती अधिक असते. परीक्षक कोण, त्यांचे ठरलेले प्रश्न कोणते, याची चौकशी भुसावळ येईपर्यंत गाडीतच पुरी होते. पुंज-बहुकण भौतिकीसारखा गहन विषयही मग वीस-पंचवीस पाठ उत्तरांत बसविला जातो. हा विषय ज्यांनी घडविला, त्यांत अग्रभागी असलेल्या लेव्ह लँडाऊ यांची तोंडी परीक्षा घेण्याची रीत अगदी निराळी होती.

लँडाऊ यांचा जन्म २२ जानेवारी १९०८ रोजी बाकू या तेलनगरीत झाला. वडील तेल-अभियंते, आई डॉक्टर. चौदाव्या वर्षी विद्यापीठात प्रवेश, एकोणिसाव्या वर्षी लेनिनग्राडची पदवी आणि पुढे कोपनहेगनला नील्स बोर यांचा सहवास. १९३२ साली ते खारकोव्हला आले आणि तेथे त्यांनी ‘सैद्धांतिक किमान’ ही परीक्षा सुरू केली. नाव किमान, अभ्यास मात्र कमाल! गणिताच्या दोन आणि यामिकीपासून पुंजयामिकी, सांख्यिकीय भौतिकीपर्यंतच्या सात अशा एकूण नऊ परीक्षा. त्यांना तारीख नव्हती. तयारी झाली असे ज्याला वाटे त्याने दूरध्वनी करून घरी यावे. लँडाऊ एक प्रश्न सांगत, कोरे कागद देत आणि निघून जात. अधूनमधून येऊन खांद्यावरून डोकावत. उमेदवार कोठला, कोणाचा शिष्य, याला महत्त्व नव्हते. हातातले गणित सुटते की नाही, एवढेच पाहिले जाई.

असा आग्रह का, हे विषयाकडे पाहिले की उमगते. आठवडी बाजाराच्या गर्दीतून वाट काढणारा माणूस एकटा चालत नाही. त्याच्या धक्क्याने शेजारचे हलतात, त्यांच्या रेट्याने तो अडतो. धातूतील असंख्य इलेक्ट्रॉनांचे तसेच आहे. प्रत्येकाचा हिशेब अशक्य. लँडाऊ यांनी १९५६ साली दाखविले, की कण आणि त्याच्याभोवतीची हालचाल मिळून एकच ‘आभासी कण’ मानला, तर गर्दीचे गणित आटोक्यात येते. काय सोडायचे आणि काय धरायचे, हा विवेक पाठांतराने येत नाही.

त्यांच्या आयुष्यात एक कसोटी मात्र निराळीच आली. एप्रिल १९३८ मध्ये स्टालिनच्या पोलिसांनी त्यांना अटक केली. वर्षभराने प्योत्र कपित्सा यांनी स्वतः हमी घेतल्यावर ते सुटले. द्रवरूप हेलियमची अतिप्रवाहिता कपित्सांनी प्रयोगाने शोधली होती. तिची उपपत्ती लँडाऊ यांनी १९४१ साली मांडली. याच प्रश्नावर लास्लो टिसा यांनी १९३८ मध्येच महत्त्वाची कल्पना सुचविली होती. ते खारकोव्हला हीच परीक्षा उत्तीर्ण झालेले. पण त्यांना श्रेय देताना लँडाऊंचा हात आखडता राहिला. त्यांची जीभही तिखट होती आणि तिने अनेकांना नाउमेद केले. हा भाग अनुकरणीय नव्हे.

आपल्याकडे उमेदवार फार, परीक्षक थोडे, ही अडचण सांगितली जाते. पदवीपुरती ती खरी आहे. परंतु पदव्युत्तर वर्गातील मोजक्या विद्यार्थ्यांना एकेक कोरा कागद आणि तासभर वेळ देणे कोणत्याच विद्यापीठाला जड जाऊ नये. दहा मिनिटांत चार व्याख्या विचारून गुण मांडण्याने परीक्षकाची सोय होते. बोदवडच्या मुलाला स्वतःचे बळ कळत नाही.

व्याप वाढल्यावर लँडाऊ गणिताची पहिली परीक्षा स्वतः घेत आणि पुढच्या बहुतेक सहकाऱ्यांवर सोपवीत. उत्तीर्णांची यादी मात्र त्यांनी स्वतः ठेवली. १९६१ पर्यंत तीत अवघी ४३ नावे होती. त्यांतील अलेक्सेई अब्रिकोसोव्ह यांना २००३ साली नोबेल पारितोषिक मिळाले. ७ जानेवारी १९६२ रोजी मोटार अपघातात लँडाऊ जबर जखमी झाले. त्याच वर्षीचे नोबेल पारितोषिक त्यांना मॉस्कोच्या रुग्णालयात स्वीकारावे लागले. संशोधनाकडे ते पुन्हा वळू शकले नाहीत. १ एप्रिल १९६८ रोजी त्यांचे निधन झाले.